उन्हाळ्यातली दुपार आणि सांगलीच्या बागा: सावली नेमकी कुणाला मिळते?

वारणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. सांगली, मिरज आणि कुपवाड या तिन्ही गावांतल्या सार्वजनिक बागांविषयी आपल्यात अधूनमधून बोलणे होते, पण ऊन आणि बागा यांचा संबंध घेऊन सलग चर्चा झालेली नाही. ती व्हावी म्हणून हा धागा. माझे म्हणणे आधीच मांडतो. आपल्याकडे बागेचा विचार शोभा, कारंजी आणि संध्याकाळचा फेरफटका एवढ्यापुरता होतो. परंतु चैत्र-वैशाखात ज्याला घरात, दुकानात किंवा रस्त्यावर थारा नसतो, त्याच्यासाठी बाग ही पाणी आणि दिवाबत्तीच्या बरोबरीची नागरी सोय आहे, आणि त्याच हिशेबाने ती आखली, लावली आणि उघडी ठेवली गेली पाहिजे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांच्या विषयांमध्ये उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे, तेव्हा ही मागणी काही वावगी नाही.

शहर आसपासच्या शिवारापेक्षा जास्त तापते, हे ल्यूक हॉवर्ड यांनी लंडनच्या तापमानाच्या नोंदींवरून दोनशे वर्षांपूर्वीच दाखवले होते. डांबर, सिमेंट आणि स्लॅब दिवसभर ऊन पितात आणि रात्री ती उष्णता सावकाश सोडतात. दाटीने उभ्या असलेल्या इमारतींमुळे ती वर आकाशाकडे सहज निघून जात नाही. गाड्या आणि वातानुकूलन यंत्रे तिच्यात भर घालतात. शिवाय ओल धरणारी मातीच फरशीखाली गेलेली असल्याने बाष्पीभवनातून मिळणारा गारवाही उरत नाही. विश्रामबाग-मिरज रस्त्यावर संध्याकाळी सातनंतरही दुकानांच्या भिंतींना हात लावला तर चटका जाणवतो. तो दिवसभर साठवलेल्या उन्हाचा असतो.

झाड या सगळ्यावर दोन मार्गांनी काम करते. पहिला मार्ग सावलीचा. सावलीमुळे जमीन, भिंत आणि माणसाचे अंग यांच्यावर ऊन थेट पडत नाही. दुसरा मार्ग पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनाचा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट इतकी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने शोषली जाते. मुळांना भरपूर ओल मिळणाऱ्या मोठ्या झाडाने दिवसात १०० लिटर पाणी बाहेर टाकले, तर जवळपास ६७ युनिट उष्णता हवेतून कमी होते. दीड टनाचा एसी खोलीतून तेवढी उष्णता काढायला सुमारे तेरा तास सलग चालावा लागतो, आणि तो ती उष्णता आणखी थोडी भर घालून रस्त्यावरच फेकतो.

तरीही आकड्यांच्या बाबतीत आपण काटेकोर राहावे असे मला वाटते. बागेत हवा दहा अंशांनी थंड असते, अशी विधाने आपल्याकडे सर्रास केली जातात. जगभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० साली प्रसिद्ध झाला, त्यात बागेतील दिवसाची हवा शहरातील इतर भागापेक्षा सरासरी सुमारे एक अंश सेल्सिअसने थंड आढळली. आकडा लहान वाटतो, पण माणसाला जाणवणारा फरक यापेक्षा बराच मोठा असतो, कारण आपले शरीर हवेच्या उष्णतेबरोबरच डोक्यावरचे ऊन आणि आजूबाजूच्या तापलेल्या पृष्ठभागांची झळही सोसत असते. तापलेल्या फरशीवर उभे राहणे आणि वडाखालच्या मातीवर उभे राहणे यांत हवेचे तापमान फारसे वेगळे नसले, तरी अंगावर येणारी झळ कितीतरी वेगळी असते.

आता मूळ दुखण्याकडे येतो. यंदा एप्रिलमध्ये दुपारी दीडच्या सुमारास एका सार्वजनिक बागेवरून जात होतो. फाटकाला कुलूप होते. आत कडुनिंबांची दाट सावली हिरवळीवर पडली होती आणि तिथे कुणीही नव्हते. फाटकाबाहेर कुंपणाच्या भिंतीला टेकून एक भाजीवाली बसली होती. आतल्या एका फांदीची हातभर सावली भिंतीवरून बाहेर आली होती. त्या सावलीत तिने मेथी आणि कोथिंबिरीची पाटी सरकवून ठेवली होती, आणि स्वतः मात्र डोक्यावर पदर घेऊन उन्हात बसली होती. बागा सकाळी दहाला बंद होतात आणि चारनंतर उघडतात, हा नियम कुणी आणि कशासाठी केला, हे मी संबंधित कार्यालयात विचारले, तेव्हा मला पूर्वापार चालत आले आहे एवढेच उत्तर मिळाले. ज्या पाच-सहा तासांत बागेची सगळ्यांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच तासांत ती बंद असेल, तर तिच्या गारव्याचा शहराला काय उपयोग, हा माझा प्रश्न आहे.

हरिपूरकर

धागा अगदी योग्य वेळी काढलात. रात्रीच्या गारव्याबद्दल थोडे जोडतो, कारण उन्हाळ्यात प्रकृतीला खरा त्रास होतो तो रात्री अंग निवत नाही म्हणून. दिवसा तापलेल्या शरीराला रात्री उसंत मिळाली नाही की वयस्कर माणसे आणि हृदयाचे रुग्ण यांच्यावरचा ताण साचत जातो.

दिवसा दाट झाडी उपयोगी पडते, पण रात्री उघडी हिरवळ अधिक वेगाने निवते, कारण जमिनीतली उष्णता मोकळ्या आकाशाकडे निघून जाते. दाट पर्णसंभाराखाली ती काही प्रमाणात अडकून राहते. म्हणून एकाच बागेत दोन्ही हवे: कडेने आणि वाटांवर मोठी झाडे, मध्ये काही मोकळी जागा. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये झालेल्या मोजणीत रात्रीचा गारवा बागेच्या हद्दीबाहेर काही रात्री जेमतेम २० मीटर, तर काही रात्री ४४० मीटरपर्यंत पोहोचलेला दिसला. ती बाग शंभर हेक्टरांहून मोठी आहे. आपल्याकडच्या एक-दोन एकरांच्या बागेचा गारवा फार तर आजूबाजूच्या एक-दोन गल्ल्यांपर्यंत जाईल, हे गृहीत धरूनच चालावे लागेल.

यातून निघणारा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. गावाच्या एका टोकाला मोठे उद्यान उभारून सगळे शहर थंड होणार नाही. आमराईचा गारवा आमराईच्या आसपास, महावीर उद्यानाचा त्याच्या आसपास. संजयनगर किंवा शामरावनगरात राहणाऱ्या माणसाला त्याच्या गल्लीजवळ सावली हवी.

नेमके_विचारतो

सगळे पटते, पण पाण्याचे काय? उन्हाळ्यात कित्येक उपनगरांत लोकांना दिवसाआड पाणी मिळते आणि आपण बागा वाढवा म्हणतो. बागेतल्या लॉनवर पाइप सोडून दिलेला पाहिला की संताप येतो. माझा विरोध बागेला नाही, बागेच्या नावाखाली होणाऱ्या उधळपट्टीला आहे.

झाडेवाचक

नेमके_विचारतो, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तो आकड्यांतच मांडलेला बरा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लॉनला रोज साधारण ५ मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला ५ लिटर पाणी लागते. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे एकरभर लॉन हिरवे राखायचे तर दिवसाला वीस हजार लिटर, आणि त्यात पाइपमधून वाया जाणारे धरलेलेच नाही. एवढे करून लॉन सावली देत नाही, दुपारी त्यावर कुणी बसू शकत नाही, आणि बहुतेक ठिकाणी 'हिरवळीवर बसू नये' अशी पाटीही असते.

झाडांना पहिली तीन वर्षे पाणी द्यावे लागते, हे खरे. पण काळ्या मातीत रुजलेला कडुनिंब किंवा करंज त्यानंतर आपली सोय आपणच पाहतो. आळे मोठे ठेवले, त्यात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घातले आणि ठिबक लावले, तर पाण्याची गरज आणखी कमी होते. आपल्या बागांत मात्र पानगळ झाली की झाडून गोळा करतात आणि कोपऱ्यात पेटवून देतात. झाडाचे अन्नही गेले, जमिनीची ओलही गेली आणि वर धूर. प्रक्रिया केलेले सांडपाणी बागांना देणे हा सर्वांत सरळ उपाय आहे. बागेसाठी पिण्याच्या पाण्याचा थेंबही वापरू नये, या मताचा मीही आहे.

एक सावधगिरीची गोष्टही सांगतो. जमीन पूर्ण कोरडी पडली की झाड पानांवरची रंध्रे मिटून घेते आणि बाष्पोत्सर्जन थांबवते. मग उरते ती फक्त सावली. म्हणजे मेच्या अखेरीस गारवा हवा असेल, तर पावसाळ्यात पाणी जमिनीत मुरलेले असले पाहिजे. सगळी बाग पेव्हर ब्लॉकने मढवली तर ते मुरणार कुठून?

आणि आता जातींबद्दल, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. सुशोभीकरण म्हटले की आपल्याकडे गुलमोहर, बहावा आणि पामची रांग ठरलेली असते. बहाव्याचे झुंबर मला मनापासून आवडते, पण तो फुलतो तेव्हा त्याच्यावर पाने जवळपास नसतात. गुलमोहरही मार्च-एप्रिलमध्ये बव्हंशी निष्पर्ण असतो, त्याचे लाकूड ठिसूळ असते आणि वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात. पामबद्दल न बोललेले बरे, त्याची सावली त्याच्या स्वतःच्या बुंध्यालाही पुरत नाही. ऐन उन्हाळ्यात ज्यांच्याखाली बसता येते ती झाडे वेगळी आहेत. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गाळतो आणि चैत्र लागताच पुन्हा भरून येतो. करंजाची पोपटी पालवी एप्रिलमध्ये दाट होते. आंबा, जांभूळ, बकुळ आणि नांदरूक वर्षभर हिरवे असतात. चिंच सावकाश वाढते, पण एकदा मोठी झाली की पिढ्यान्पिढ्या सावली देते. वड आणि पिंपळ यांना मात्र मुळांपुरती ऐसपैस जागा द्यावी, ड्रेनेजच्या लाइनीजवळ लावू नयेत. लवकर हिरवे दिसते म्हणून कोनोकार्पसच्या रांगा लावण्याची पद्धत अलीकडे आली आहे. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, आपणही त्यापासून लांब राहिलेले बरे.

मिरजेची_लेक

सर्वांचे प्रतिसाद वाचले. झाडांचे आणि पाण्याचे शास्त्र समजले, पण बागेत जाणारी माणसे कोण, यावर अजून कुणी नीट बोललेले नाही, म्हणून लिहिते.

आमचे मिरज हे दवाखान्यांचे गाव. डॉक्टर वानलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल सुरू केले त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, आणि तेव्हापासून आजतागायत सोलापूर, बेळगाव, विजापूर भागातून रुग्ण येतच आहेत. रुग्ण खाटेवर असतो, त्याच्यासोबत आलेली दोन-तीन माणसे मात्र दिवसभर बाहेर असतात. त्यांना लॉजचे भाडे परवडत नाही. एखाद्या झाडाच्या पारावर चटई टाकून, डबा उशाशी ठेवून ती माणसे दुपार काढतात. त्यांच्या दृष्टीने बाग म्हणजे काय हवे? सावली, प्यायचे पाणी, स्वच्छतागृह, आडवे होता येईल असा पार आणि हाकलून न देणारा रखवालदार. कारंजे आणि रंगीत दिवे त्यांच्या यादीत कुठेच नाहीत.

दुसरी गोष्ट बायकांची. वारणाकाठ यांनी दुपारी बाग उघडी ठेवा म्हटले, ते मला शंभर टक्के मान्य आहे. पण दुपारी निर्मनुष्य असलेल्या बागेत एकटी बाई पाऊल ठेवणार नाही. चार बायका आधीपासून बसलेल्या दिसल्या तरच पाचवी आत जाते. त्यासाठी बाहेरून आतले दिसेल असे कुंपण हवे. उंच भिंत आणि गर्द मेंदीची झुडपे नकोत. फाटक दोन बाजूंना हवे. स्वच्छतागृह नुसते बांधलेले असून चालत नाही, त्याचे कुलूप उघडे हवे आणि आत पाणी हवे. आमच्या भागातल्या एका बागेत स्वच्छतागृह आहे, किल्ली माळीमामांकडे असते आणि माळीमामा दुपारी जेवायला घरी जातात. मामांची यात चूक नाही, एकाच माणसावर दोन-तीन बागा सोपवलेल्या आहेत. पण यामुळे बायका बागेत तासाभरापेक्षा जास्त थांबत नाहीत, आणि मग 'बायका बागेत येतच नाहीत' असा शेरा मारायला सगळे मोकळे.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत २०३० पर्यंत सर्वांना सुरक्षित आणि पोहोचता येण्याजोग्या हिरव्या सार्वजनिक जागा मिळाव्यात असे म्हटले आहे, आणि त्यात स्त्रिया, मुले, वृद्ध आणि दिव्यांग यांचा वेगळा उल्लेख आहे. आपल्या किती बागांच्या फाटकातून चाकाची खुर्ची आत जाते? मोटरसायकली आत येऊ नयेत म्हणून फाटकात लोखंडी आडवे खांब लावतात. माझ्या सासूबाई वॉकर घेऊन चालतात. त्या खांबांपाशी आम्हाला दर वेळी वॉकर उचलून पलीकडे ठेवावा लागतो आणि मग त्यांना धरून आत न्यावे लागते.

कुपवाडकर

ताई, अगदी मनातले लिहिलेत. एमआयडीसीत पत्र्याच्या शेडखाली काम करणाऱ्या माणसाला जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास झाडाखाली बसायला मिळाले तरी पुढची पाळी निभावते. आमच्याकडे रस्त्याकडेची झाडे रुंदीकरणात गेली आणि बदली लावलेली रोपे जाळीसकट वाळली. मार्केट यार्डातल्या हमालांचीही तीच गत आहे. बागेचा विचार करताना घराजवळची बाग आणि कामाजवळची बाग असे दोन्ही धरावे, एवढेच सुचवतो.

वारणाकाठ (धागाकर्ता)

मिरजेची_लेक, तुमच्या प्रतिसादामुळे धाग्याला नेमकी दिशा मिळाली. गारवा देणारी बाग आणि माणसांना हवी असलेली बाग असे दोन वेगळे विषय मी मनात धरून चाललो होतो, पण तुम्ही आणि कुपवाडकर यांनी लिहिलेले वाचल्यावर ते एकच आहेत हे पटते. सावली असून आत जाता येत नसेल तर तिचा उपयोग फक्त आजूबाजूच्या भिंतींना, आणि आत जाता येत असून सावली नसेल तर दुपारी तिथे कुणी थांबणार नाही.

नेदरलँड्सचे नागरी वनीकरणाचे अभ्यासक सेसिल कोनायनेंडाइक यांनी २०२१ मध्ये मांडलेले एक सूत्र इथे उपयोगी पडेल. प्रत्येक घरातून किमान ३ मोठी झाडे दिसावीत, प्रत्येक वस्तीत ३० टक्के जमिनीवर झाडांचे छत्र असावे, आणि चांगली हिरवी जागा घरापासून ३०० मीटरांच्या आत असावी. यातल्या ३० टक्क्यांना आधार आहे. युरोपातील ९३ शहरांचा एक अभ्यास २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. वृक्षछत्र ३० टक्क्यांपर्यंत वाढवले असते तर २०१५ च्या उन्हाळ्यात शहरी उष्णतेमुळे झालेल्या अकाली मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक टळले असते, असा त्याचा अंदाज आहे. विशेष म्हणजे त्यासाठी गृहीत धरलेली तापमानातली घट सरासरी फक्त ०.४ अंश आहे. युरोपचे आकडे सांगलीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण अर्ध्या अंशाचाही माणसाच्या जगण्याशी संबंध असतो, हे त्यातून दिसते.

तीनशे मीटर म्हणजे म्हाताऱ्या माणसाला चार-पाच मिनिटांची वाट. आपापल्या घरापासून तेवढ्या अंतरात, दुपारी उघडी आणि सावली असलेली सार्वजनिक जागा आहे का, हे प्रत्येकाने इथे लिहावे. माझ्या घरापासून नाही.

आराखडा_वाचा

मी नगररचनेच्या कामात बरीच वर्षे घालवली आहेत, तेव्हा जागा येणार कुठून याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. हा प्रतिसाद थोडा रुक्ष होईल, पण या चर्चेतून काही घडायचे असेल तर ते इथूनच घडेल.

जागा तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार विकास आराखड्यात उद्यान म्हणून आरक्षित केलेल्या जागांचा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द ठरते. उद्यानांची किती आरक्षणे अशी निसटतात, याकडे सामान्य नागरिकाचे लक्षच नसते. रस्त्याचे आरक्षण गेले तर ओरड होते, बागेचे गेले तर कुणाला पत्ताही लागत नाही. आपल्या प्रभागातली उद्यानाची आरक्षणे कोणती, त्यांतली ताब्यात किती आणि नोटिसा किती जागांवर आल्या आहेत, हे माहितीच्या अधिकारात मागता येते.

दुसरा प्रकार रेखांकनातील (लेआउटमधील) खुल्या जागांचा, ज्याला आपण सर्वजण ओपन स्पेस म्हणतो. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात किमान १० टक्के जागा अशी सोडावी लागते. विश्रामबागेपासून मिरजेपर्यंतच्या कॉलन्यांमध्ये अशा कितीतरी जागा आहेत. त्यांपैकी काहींवर गवत आणि कचरा, काहींवर शेजाऱ्यांची वाहने, काहींवर सभागृह किंवा देऊळ. हरिपूरकर म्हणतात तसा गल्लीजवळचा गारवा हवा असेल, तर तो याच पाच-दहा गुंठ्यांच्या तुकड्यांतून मिळेल. यासाठी नवी जमीन घ्यावी लागत नाही, हे सगळ्यांत मोलाचे.

उद्यानाच्या जागेचा वापर बदलण्याचा प्रयत्न झाला तर काय, असा प्रश्न येईल. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ते वाटप बेकायदा ठरवले आणि मोकळ्या जागा व उद्याने ही लोकांच्या आरोग्यासाठी राखलेली असतात असे स्पष्ट केले. झाडांच्या बाबतीत १९७५ चा राज्याचा वृक्ष संरक्षण कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा अधिक वयाचे झाड वारसावृक्ष मानले जाते. झाड तोडायची परवानगी दिली तर त्याच्या वयाइतकी रोपे लावणे बंधनकारक आहे. रोप म्हणजे झाड नव्हे, ही कुपवाडकरांची व्यथा खरीच आहे. म्हणून तोडल्यानंतरच्या भरपाईपेक्षा तोडण्याआधीच्या हरकतीवर जोर द्यावा. तोडण्याची नोटीस झाडावर लागते तेव्हा हरकत घ्यायला मुदत असते, तेवढ्यात लेखी अर्ज गेला पाहिजे.

तिसरा प्रकार पूररेषेतील जमिनीचा, आणि सांगलीसाठी तो फार महत्त्वाचा आहे.

हरिपूरकर

पूररेषेचा विषय निघालाच आहे तर मी नदीकाठचा माणूस म्हणून लिहितो. कृष्णा आणि वारणा यांचा संगम आमच्या उंबऱ्याशी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा ४५ फुटांची धोक्याची पातळी कुठल्या कुठे मागे पडली होती. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. ज्या गावाला दर काही वर्षांनी पाणी वेढते आणि दर उन्हाळ्यात ऊन भाजते, त्या गावाने दोन्हींचा विचार एकत्र केला पाहिजे.

नदीपात्र आणि निळी रेषा यांच्यामधल्या पट्ट्यात, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या कक्षेत, बांधकामाला मनाई असते आणि बाग किंवा मैदान यांसारखे मोकळे वापर चालतात. तिथे अर्जुन, करंज, जांभूळ, वाळुंज अशी पाण्यात पाय ठेवून तगणारी झाडे लावली, तर पुरात नुकसान थोडे आणि उन्हाळ्यात नदीकाठाने सलग सावली. अट एकच: काठाला सिमेंटची भिंत आणि फरशी घालून त्याला सुशोभीकरण म्हणू नये. फरशी ऊन साठवते, आणि पुराच्या गाळाने उखडली की पुन्हा निविदा निघते. काळ्या खणीसारखी पाणथळ जागाही गारवा देते, पण पाणी दिवसा गार असले तरी रात्री सावकाश निवते, त्यामुळे काठावर झाडी नसेल तर नुसत्या तळ्याचा फायदा अर्धाच.

नेमके_विचारतो

लॉनचा हिशेब वाचून माझा आक्षेप बराचसा मिटला. आता दुसरा. कमी जागेत घनवन लावण्याची मियावाकी पद्धत सध्या सगळीकडे चालते. पाच-दहा गुंठ्यांत तीच का करू नये? झाडे लवकर वाढतात, निधीही मिळतो.

झाडेवाचक

जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांची पद्धत उजाड जमिनीवर स्थानिक जंगल उभे करण्यासाठी आहे. चौरस मीटरला तीन-चार रोपे इतकी ती दाट असते. पक्ष्यांना, फुलपाखरांना आणि मातीला तिचा लाभ होतो, यात शंका नाही. पण तिच्यात माणूस शिरू शकत नाही. वस्तीत एकच मोकळा तुकडा उरला असेल आणि तोही असा भरून टाकला, तर मुलांनी खेळायचे कुठे आणि आजोबांनी बसायचे कुठे? कडेच्या पट्ट्यात घनवन आणि मध्ये विरळ, मोठ्या छत्राची झाडे, असे जमेल. आपल्याच जिल्ह्यात सागरेश्वरच्या उजाड डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने माणसांनी जंगल उभे केले आणि १९८५ मध्ये ते अभयारण्य झाले. जंगल कसे करावे हे या जिल्ह्याला शिकवावे लागत नाही. फक्त वस्तीतली बाग आणि डोंगरावरचे जंगल यांची कामे वेगळी आहेत.

जाता जाता एक विनंती. आपापल्या भागातल्या झाडांचे बुंधे पाहा. परवा विश्रामबागेत एक जुना कडुनिंब पाहिला. पेव्हर ब्लॉक खोडाला इतके घट्ट बसवलेले होते की सालीवर त्यांच्या कडांचे वळ उमटले होते, एका बाजूने मुळाने दोन ब्लॉक उचलले होते आणि तिथे कुणीतरी पुन्हा सिमेंट ओतले होते. खोडात क्लासच्या जाहिरातीचे खिळे. शेंड्याच्या फांद्या वाळायला लागल्या आहेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचे आदेश दिले होते. तोच दाखला देऊन आपल्याकडे अर्ज करता येईल. पहार आणि दोन माणसे असली तर एका झाडाचे काम तासाभरात होते, पण परवानगी घेऊनच करा.

मिरजेची_लेक

घरापासूनच्या अंतराबद्दल विचारले होते, म्हणून सांगते. आमच्यापासून बाग ३०० मीटरांच्या आत आहे, झाडेही आहेत, पण दहा ते चार बंद. दुपारी बाग बंद ठेवण्याचे कारण म्हणून दारू आणि जुगार पुढे केले जातात. मी स्वतः माळीमामांशी बोलले. ते म्हणाले, माणसांची वर्दळ असली की असले लोक आपसूक निघून जातात, रिकामी बाग दिसली की येतात. मार्च ते जून एवढ्यापुरते प्रत्येक प्रभागात एका बागेवर दुपारच्या पाळीचा माणूस नेमावा, म्हणजे फाटक, स्वच्छतागृह आणि पाण्याची टाकी या तिन्हींची सोय लागेल. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला आणि नंतर अनेक शहरांनी तो मार्ग धरला. आपल्या शहराच्या उन्हाळी नियोजनात बागांच्या वेळा हा मुद्दा आला पाहिजे.

आराखडा_वाचा

ताईंची सूचना खर्चाच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त आहे आणि तिला ना जमीन लागते ना निविदा. निवेदन द्यायचे ठरले तर हाच मुद्दा पहिला ठेवावा, खुल्या जागांची यादी दुसरा आणि झाडांच्या आळ्यांचा तिसरा.

सोबत आपली स्वतःची मोजणी जोडता आली तर निवेदनाला वजन येईल. पद्धत साधी आहे, पण ती सर्वांनी सारखीच पाळावी. एक तापमापक बागेत मोठ्या झाडाखाली आणि दुसरा जवळच्याच रस्त्यावर, दोन्ही जमिनीपासून दीड मीटर उंचीवर धरावेत. मापकावर थेट ऊन पडू देऊ नये, रस्त्यावर असताना पांढऱ्या पुठ्ठ्याचा आडोसा करावा, आणि तापलेल्या भिंतीला किंवा गाडीला टेकवू नये. दहा मिनिटे थांबून मगच आकडा घ्यावा. दोन्ही ठिकाणचे आकडे एकाच वेळी, दुपारी अडीच वाजता आणि रात्री दहा वाजता घ्यावेत. त्यासोबत त्या वेळी बागेत किती माणसे होती, त्यांत स्त्रिया, मुले आणि वयस्कर किती, आणि फाटक उघडे होते की बंद, हेही लिहावे. दोन्ही मापक आधी एकाच खोलीत शेजारी ठेवून त्यांत मुळात किती फरक येतो ते पाहून घ्यावे, नाहीतर नंतर सगळीच मोजणी वादात सापडते.

वारणाकाठ (धागाकर्ता)

आराखडा_वाचा, आभारी आहे. आमराई, महावीर उद्यान आणि विश्रामबागेतील एक खुली जागा यांच्या नोंदी मी घेतो. मिरजेसाठी ताई आणि कुपवाडसाठी कुपवाडकर तयार असतील तर इथेच कळवावे. नोंदी याच धाग्यात तारीख आणि वेळेसह टाकाव्यात. फाटक बंद असल्यामुळे आतला आकडा घेता आला नाही, तर तेही तसेच लिहावे.